स्वयंपाकघरात फ्रिजसाठी वेगळी लाइन ओढायची का? (कोल्हापूर, शिवाजी पेठ, जुनं घर)

चाफा
आईकडचा जुना सिंगल डोअर फ्रिज दिवाळीनंतर बसला. नवीन घेतलाय, २६० लिटर, डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री. आजवर फ्रिज सोप्यात (बाहेरच्या खोलीत) असायचा. आईचे गुडघे आता दर खेपेला उंबरा ओलांडू देत नाहीत, म्हणून नवा फ्रिज स्वयंपाकघरात, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा ठरलंय. अडचण एवढीच की त्या कोपऱ्यात पॉइंट नाही.

घर जुनं. निम्मं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, निम्मं नंतर केसिंगमधून (प्लास्टिकच्या पट्टीतून) ओढलेलं. मीटरशेजारी मेन स्विच आणि दोन किटकॅट (चिनी मातीचे जुने फ्यूज), एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घरात कुठंच नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर एकच बोर्ड आहे. त्यावर ट्यूब, पंखा आणि एक लहान सॉकेट, ज्याला मिक्सर लागतो. त्याच्याखाली इंडक्शनसाठी मागाहून बसवलेला पॉवर पॉइंट.

ओळखीचे वायरमन बघून गेले. म्हणाले, "वरच्या बोर्डातनं लूप मारतो, अर्ध्या तासाचं काम." म्हणजे तिथल्याच वायरीला जोडून पुढं नेणार. भाऊ म्हणतो मीटरपासून वेगळी लाइन ओढ. आईचं म्हणणं, भिंती फोडायच्या नाहीत, नुकताच रंग दिलाय.

फ्रिज असा करंट घेतो तरी किती? त्याचा प्लग लहानच आहे, मग लूप का नको? आणि वेगळी लाइन ओढायचीच तर कसली ओढू?

बावडेकर
कशाला एवढा व्याप? चांगल्यातलं एक्स्टेंशन आणा, इंडक्शनच्या पॉइंटला लावा, विषय संपला. आमच्यात कैक वर्षं तसंच चाललंय.

उद्यमनगरी
बावडेकर, भावा, चाललंय म्हणून बरोबर हाय असं नसतंय. एक्स्टेंशनची वायर बघितलीस का किती बारीक असती ती? त्यावर फ्रिज आणि जोडीला इंडक्शन लावलं की आधी पिना ढिल्या पडत्यात, मग प्लग पिवळा पडतोय, मग काळा. आमच्या दुकानात मोटरी रिवाइंडिंगला येतात, त्यातल्या निम्म्या मोटरी स्वतःच्या चुकीनं जळलेल्या नसतात. पुढं ढिला कॉन्टॅक्ट, व्होल्टेज पडलेलं, मोटर गुणगुणत बसती आणि तापून जाती. फ्रिजचा कॉम्प्रेसर म्हणजे मोटरच की.

चाफाताई, वायरमनला एकच विचारा, वरच्या बोर्डाला आलेली वायर कितीची हाय आणि तांब्याची हाय का ॲल्युमिनियमची. त्याचं उत्तर आल्याशिवाय लूपबिप काही नको.

सर्किट_काका
चाफा, आधी आकडे बघू, म्हणजे भीतीही नको आणि निष्काळजीपणाही नको.

आपल्याकडं पुरवठा २३० व्होल्ट. एवढ्या आकाराचा फ्रिज चालू असताना साधारण १०० ते २०० वॅट घेतो, म्हणजे एक अँपिअरच्या आतबाहेर. नेमका आकडा फ्रिजच्या मागं किंवा आतल्या बाजूला चिकटवलेल्या पाटीवर असतो, तो वाचा. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कित्येक पट ओढतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्याला हा झटका जवळपास नसतोच. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो, तो लागला की आकडा थोडा चढतो. सगळं धरूनही तुमचा लहान ६ अँपिअरचा प्लग फ्रिजला पुरून उरतो.

आता त्याचे शेजारी बघा. इंडक्शन २००० वॅटचं असेल तर पावणेनऊ अँपिअर. केटली १५०० वॅट, साडेसहा अँपिअर. मिक्सर ७५० वॅट, सव्वातीन. म्हणजे वेगळी लाइन ओढायची ती फ्रिज फार खातो म्हणून नव्हे. मिक्सर, केटली, इंडक्शन कुणीतरी समोर उभं राहून चालवतं. बिघडलं तर लगेच कळतं, वास आला तर हात बटनावर जातो. फ्रिज चोवीस तास चालू, घराला कुलूप असतानाही. केटलीनं उडवलेल्या फ्यूजवर फ्रिज असेल तर गावाहून आल्यावर दार उघडल्यावरच समजायचं. आणि उलट बाजूनं, दिव्यांच्या बारीक वायरीवर रोजचा जास्तीचा भार टाकून तिला वर्षानुवर्षं कोमट ठेवणं हेही बरं नाही.

सर्वसाधारण पद्धत अशी: दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर फार तर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, त्याला दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला अडीच किंवा चारची, आणि अशी दोनच सॉकेटं एका सर्किटवर. फ्रिजला दीडची वायर हिशोबानं पुरते. तरी मी अडीचची ओढा म्हणेन, कारण त्या कोपऱ्यात उद्या मायक्रोवेव्ह येणारच. फरक काही शे रुपयांचा, मजुरी तीच.

चाफा
काका, छान कळलं. भिंत न फोडता होईल का पण? आणि किटकॅटचं काय करायचं?

उद्यमनगरी
भिंतीचं टेन्शन सोडा. पीव्हीसी केसिंग-कॅपिंग वरनं मारायचं, छताच्या कडेनं नेलं तर दिसत पण नाही. तुमच्यासारख्या मातीच्या, जाड भिंतीत झिरी पाडायच्या भानगडीत पडूच नका, निम्मा गिलावा खाली येतोय.

किटकॅट मात्र उघडून बघा (मेन स्विच बंद करूनच, आणि तुम्ही नाही, वायरमननं). आत फ्यूज वायर हाय का कुणीतरी साध्या वायरीच्या चार तारा पिळून घातल्यात? पेठेत फिरलात तर दहातल्या आठ घरांत पिळलेल्याच निघतील. तो फ्यूज मग कधी उडतच नाही, वायर जळती.

तांबडा_पांढरा
रविवारचं मटण फ्रिजात आणि फ्यूज उडालेला, असं आमच्यात झालंय. सोमवारी दार उघडल्यावर जो वास आला तो अजून नाकात हाय. वेगळी लाइन घ्या ताई, काका म्हणतात ते ऐका 😄

दूरदेशी
मूळचा राजारामपुरीचा, सध्या अमेरिकेत. इथला नियम सांगतो, कारण इंटरनेटवर शोधलं की हाच पहिला दिसतो आणि गोंधळ होतो. इथे स्वयंपाकघराला २० अँपिअरची किमान दोन सर्किटं द्यावीच लागतात आणि फ्रिजला हवं तर १५ अँपिअरचं स्वतंत्र सर्किट चालतं. पण इथं व्होल्टेज १२०. त्याच वॅटला करंट जवळजवळ दुप्पट. वायरचे आकडे गेजमध्ये, पिना वेगळ्या, रंग वेगळे. इथल्या व्हिडिओत काळी वायर फेज असते, आपल्याकडं काळी न्यूट्रल! ते बघून कोल्हापुरात कुणी बोर्ड उघडू नका, एवढ्यासाठी लिहिलं.

सर्किट_काका
दूरदेशी, फार मोलाचं लिहिलंत. त्यात भर: आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये लाल (किंवा पिवळी, निळी) फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पण फ्रिजच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. निळी वायर भिंतीत फेज असू शकते आणि कॉर्डमध्ये न्यूट्रल असते. प्लग बदलायची वेळ आली तर इथंच घोटाळा होतो. सॉकेटकडं तोंड करून उभं राहिलं की वरची मोठी पिन अर्थ, उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. स्विच नेहमी फेजमध्येच.

स्वराली_कळंबा
धागा चोरत नाही, पण याच विषयातलं आहे. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये डीबी (एमसीबींची पेटी), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सगळं बिल्डरनं दिलंय. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज लावल्यापासून दिवसा काही होत नाही, पण रात्री केव्हातरी आरसीसीबी पडतो आणि अख्खं घर अंधारात. वर उचलला की पुन्हा व्यवस्थित. वायरमन म्हणतो आरसीसीबी खराब आहे, बायपास करू. करू का?

गारेगार_मेकॅनिक
बायपास अजिबात करू नका ताई!! मी फ्रिजचंच काम करतो, सांगतो काय होत असणार. फ्रॉस्ट-फ्रीत कॉम्प्रेसर काही तास चालला की डीफ्रॉस्टचा हीटर लागतो. त्या हीटरमध्ये ओल शिरली, इन्सुलेशन गेलं, की थोडा करंट फ्रिजच्या पत्र्याकडं आणि तिथनं अर्थला गळतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आसपास पडतो. म्हणजे तो खराब नाही, तो त्याचं काम करतोय. तुम्हाला वेळ विचित्र वाटते कारण हीटर रोज त्याच वेळी लागत नाही.

मेकॅनिकला सांगा हीटर आणि कॉम्प्रेसरची इन्सुलेशन टेस्ट घ्यायला, मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं). साध्या मल्टिमीटरवर कधीकधी सापडत नाही. गॅरंटीत असेल तर कंपनीकडून. फ्रिज काढून आठवडाभर दुसऱ्या घरी लावून बघणं हा देशी उपाय पण चालतो, त्यांच्याकडं आरसीसीबी असेल तर.

स्वराली_कळंबा
बाप रे. म्हणजे बायपास केला असता तर पत्र्याला करंट?

गारेगार_मेकॅनिक
अर्थिंग चांगलं असेल तर अर्थमधून गेला असता, शॉक बसला नसता. अर्थिंग नसेल तर ओल्या पायानं दार उघडणाऱ्याला. म्हणून दोन्ही पाहिजेत.

उद्यमनगरी
इथं माझं जरा वेगळं मत हाय. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी आणि त्याच्यावर फ्रिज, हे मला पटत नाही. पावसाळ्यात गीझर गळला, बाहेरचा दिवा भिजला, की आरसीसीबी पडला आणि फ्रिज बंद. लोक गावाला गेलेले. फ्रिजला चांगलं अर्थिंग द्या, एमसीबी द्या आणि आरसीसीबीच्या आधीनं लाइन घ्या. मी माझ्या घरात तसंच केलंय.

सर्किट_काका
तुमची तक्रार रास्त, उपाय मात्र मला मान्य नाही. हिशोब सांगतो.

समजा फ्रिजचा फेज पत्र्याला टेकला. अर्थिंगचा खड्डा उत्तम, एकूण वाट २ ओहमची, तर ११५ अँपिअर वाहतील आणि एमसीबी क्षणात, फार तर काही सेकंदांत पडेल. पण उन्हाळ्यात खड्डा सुकला, २० ओहम झाले, तर वाहणार साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्याकडं ढुंकून बघणार नाही. फ्रिजचा पत्रा मात्र २३० व्होल्टच्या जवळपास राहील. करंट तेवढाच, पण आरसीसीबीच्या ३० मिलिअँपिअरच्या हिशोबात तो शेकडो पट जास्त, म्हणून तो लगेच तोडतो. स्वयंपाकघरात माणूस ओल्या हातानं, अनवाणी, ओल्या फरशीवर उभा असतो. तिथं नुसत्या अर्थिंगच्या भरवशावर राहायचं नाही.

तुमची अडचण सुटते ती फ्रिजला स्वतःचा आरसीबीओ देऊन. एकाच डबीत एमसीबी आणि गळतीचं संरक्षण. गीझर गळला तर गीझरचा पडेल, फ्रिज चालूच. एमसीबीपेक्षा महाग आहे, मान्य. पण फ्रिजच्या किमतीपुढं काही नाही.

उद्यमनगरी
आरसीबीओ दिला तर माझी हरकत नाही. पण त्यात एक मेख हाय ती सांगा सगळ्यांना. त्या सर्किटचा न्यूट्रल पण त्याच आरसीबीओतनं आलेला पाहिजे. आपले वायरमन फेज तेवढा नवा ओढतात आणि न्यूट्रल जवळच्या बोर्डातनं उसना घेतात, वायर वाचवायला. तसं केलं की फ्रिज लावल्या लावल्या आरसीबीओ पडणार. मग म्हणणार "माल डुप्लिकेट हाय" आणि काढून टाकणार.

आणि सी कर्व्हचा घ्या. बी कर्व्ह त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पटीला झटकन पडतोय, सी पाच ते दहा पटीला. मोटरला सी बरा.

चाफा
आज भाऊ आणि वायरमन दोघांनी मिळून मेन बंद करून बोर्ड उघडले. अहवाल:

वरच्या बोर्डाला आलेली वायर ॲल्युमिनियमची, जुनी. तिला आत तांब्याची वायर पिळून जोडलीय, वर नुसती टेप, आणि त्या जॉइंटची टेप करपलेली. किटकॅटमध्ये पिळलेल्या तारा (उद्यमनगरीदादा, तुम्ही घर बघून गेला होता काय?).

आणि इंडक्शनच्या पॉवर पॉइंटमध्ये वरच्या अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत वायरीचा एक छोटा तुकडा जोडलाय. हिरवी वायर नाहीच. वायरमन म्हणाले, "पूर्वी असं करायचे, अर्थिंग नसलं तर." हे चालतं का?

गारेगार_मेकॅनिक
आजच्या आज काढा. इंडक्शन पण लावू नका तोवर.

सर्किट_काका
चालत नाही, आणि का नाही ते सगळ्यांनी वाचावं असं आहे.

समजा अशा पॉइंटला फ्रिज लावलाय. न्यूट्रल शाबूत असतो तोवर काही जाणवत नाही, टेस्टरही पेटत नाही, म्हणून लोकांना हे बरं वाटतं. पण मागं कुठं न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला (आणि तुमच्याकडं ॲल्युमिनियम-तांब्याचा करपलेला जॉइंट आहेच) की फेज फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलच्या पिनेवर येतो, तिथून त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर, तिथून थेट फ्रिजच्या पत्र्यावर. फ्रिज बंद पडलेला, आणि पत्रा मात्र २३० व्होल्टवर. माणूस काय करतो? फ्रिज का बंद पडला म्हणून दाराला हात लावतो. अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, आत जाताना ती आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. त्या पिनेलाच करंट देऊन ठेवलाय इथं.

ॲल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडायचं नसतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तो करंट नीट जाऊ देत नाही, जॉइंट तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. तुमची करपलेली टेप त्याचीच.

तेव्हा लूप हा विषय आता संपला असं समजा.

बावडेकर
च्यायला, मी पण घरी बघतो आज.

पूररेषा
शाहूपुरी कुंभार गल्लीतून. वायरिंग नवं करतच आहात तर एक सांगतो, शिवाजी पेठेत पाणी येत नसलं तरी हा धागा वाचणारे सुतारवाडा, नागाळा पार्कातलेही असतील. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आमच्या तळमजल्यात पाणी होतं. खालच्या उंचीवरचं प्रत्येक सॉकेट गाळानं भरलं. नंतर वायरिंग करताना आम्ही तळमजल्यावरची सगळी सॉकेटं छातीच्या उंचीला घेतली, वायर वरून खाली आणली, खालून वर नाही. डीबी तर डोक्याच्याही वर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की फ्रिज रिकामा करायला घ्यायचा, ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

आणि पुरात भिजलेला फ्रिज वाळवून लगेच लावू नका. बाहेरून कोरडा दिसतो, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर गाळ असतो. आधी मेकॅनिक, मग करंट.

स्वराली_कळंबा
उंचीवरून आठवलं. आमच्या बिल्डरनं फ्रिजचं सॉकेट बरोबर फ्रिजच्या पाठीमागं दिलंय. बंद करायचं तर फ्रिज ओढावा लागतो. चाफाताई, बाजूला घ्या, हात पोचेल असं. पण ओट्याच्या सिंकवर नको, गॅसवर पण नको.

गारेगार_मेकॅनिक
+१. आणि फ्रिजच्या मागं-बाजूला हवा खेळायला जागा सोडा, किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो ज्वलनशील आहे. प्रमाण फार कमी असतं, घाबरायचं कारण नाही, पण त्यासाठीही कोंडून ठेवू नका आणि बर्फ सुरीनं खरवडू नका.

चाफा
स्टॅबिलायझर लागेल का? दुकानदार म्हणाला नवीन फ्रिजला नको. वायरमन म्हणतात घ्याच.

गारेगार_मेकॅनिक
मॉडेलवर आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्यांच्या पुस्तिकेत किती ते किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. तुमच्याकडं दिवसभरात व्होल्टेज त्या हद्दीत राहत असेल तर नको. संध्याकाळी मल्टिमीटरनं बघा, पंखा मंदावतो तेव्हा. साध्या कॉम्प्रेसरला मात्र लाइट गेली-आली की लगेच सुरू होणं वाईट, आतला दाब समान व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्टॅबिलायझरमधला टाइम डिले त्यासाठी.

उद्यमनगरी
आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला तर? वळवाच्या पावसात झाडाची फांदी पडली की होतंय हे. मग घरात २३० च्या जागी ३५०-४०० पर्यंत व्होल्टेज चढू शकतंय, गल्लीतले फ्रिज-टीव्ही एका दमात जातात. एमसीबी, आरसीसीबी कुणाला कळत नाही. त्यासाठी डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, सगळ्या घराला होतंय. मी तर स्टॅबिलायझरपेक्षा हेच बसवा म्हणेन.

सर्किट_काका
सहमत. दिवे अचानक प्रखर झाले किंवा एका खोलीत मंद आणि दुसरीकडं झगझगीत दिसले, तर आधी मेन बंद, मग महावितरणला १९१२ वर फोन. फ्रिज बंद करायला धावू नका, मेनच बंद करा.

चाफा
काम झालं. सगळ्यांच्या सल्ल्यातून जे ठरलं ते लिहिते, पुढं कुणाला उपयोग होईल.

परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतलं. मेन स्विचनंतर किटकॅट काढून छोटी डीबी बसवली, डोक्याच्या उंचीला. त्यात डबल पोल आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच), व्होल्टेज प्रोटेक्टर, जुन्या दोन सर्किटांना ६-६ अँपिअरचे एमसीबी. फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ, १६ अँपिअर, सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर. तिथून कोपऱ्यापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन वायरी, लाल, काळी, हिरवी, मध्ये एकही जॉइंट नाही, केसिंगमधून छताच्या कडेनं. न्यूट्रल उसना घेतलेला नाही, मी स्वतः उभी राहून बघितलं. शेवटी ६/१६ चं सॉकेट, लहान-मोठा दोन्ही प्लग बसतो, फ्रिजच्या बाजूला, आईच्या खांद्याच्या उंचीला. इंडक्शनचा पॉइंटही त्याच पद्धतीनं वेगळा केला, दुसऱ्या आरसीबीओवर.

अर्थिंगला परसात हौदाजवळ नवा खड्डा घेतला. अर्थ टेस्टर लावला तर ५ ओहमच्या आत आला. कंत्राटदार म्हणाले उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा.

आईची एकच तक्रार, स्विचवर कागद चिकटवलाय "बंद करू नये", तो तिला आवडला नाही. रात्री फ्रिज बंद करून वीज वाचवायची तिची जुनी सवय.

गारेगार_मेकॅनिक
आईंना सांगा, रात्री बंद करून फारसं काही वाचत नाही. सकाळी आत शिरलेली उष्णता पुन्हा बाहेर काढायलाच लागते, आणि मधल्या वेळात दूध-दही बिघडायची भीती. थर्मोस्टॅट आपला आपण कॉम्प्रेसर बंद करतोच.

सर्किट_काका
उत्तम काम. दोन गोष्टी. आरसीबीओवर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबा, पडला पाहिजे. दाबून पडला नाही तर बदलायचा. आणि पहिल्या आठवड्यात एकदा प्लग काढून पिनांना हात लावून बघा, कोमटही लागता कामा नये.

राहिलेलं जुनं ॲल्युमिनियम वायरिंग ६ च्या एमसीबीवर आलं हे बरं झालं, पण ते जॉइंट अजून तसेच आहेत. पुढच्या खेपेला आधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर घ्या, सोपा शेवटी.

तांबडा_पांढरा
काका, एक शंका. आमच्याकडं घरातल्या इन्व्हर्टरवर फ्रिज चालवला तर चालतो का? लाइट गेली की मटणाची काळजी लागती.

सर्किट_काका
साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर बहुधा चालेल, बॅटरी मात्र लवकर उतरेल. स्क्वेअर वेव्हवर लावू नका, कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि तापतो. साध्या कॉम्प्रेसरला सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला झेपत नाही, तो ओव्हरलोड दाखवून बंद होतो. दोन-तीन तास लाइट गेली तर दार उघडू नका, एवढं पुरतं. मटण फ्रीजरमध्ये ठेवा, खाली नको.